कावळ्यासमोर दिलेला शब्द

जोगेश्वरीचा सहदेव कोथिंबीर आणायला निघाला की वाटेत कुणाची तरी स्कूटर दुरुस्त करून रिकाम्या हाताने परतायचा. फ्रिजदुरुस्तीत त्याचा हात सोन्याचा, पण गिऱ्हाइकांच्या घरी अर्धे उघडे पडलेले फ्रिज मोजावेत तेवढे थोडे. घरच्यांनी त्याचं नाव ‘अर्धवट’ ठेवलं आणि चाळिशी उलटली तरी प्रेमाने तेच वापरलं.

मग घाटकोपरच्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की हा आळस नाही आणि वेडही नाही. याला एडीएचडी म्हणतात. लक्ष असतं, पण लगाम हातात नसतो. गोळ्या सुरू झाल्या. सहदेव काम संपवून, हत्यारं मोजून घरी येऊ लागला. थोरला भाऊ राजेश म्हणाला, आमच्या वेळी या औषधाला दोन कानफटात म्हणायचे.

तेवढ्यात, या ‘वेड्याच्या गोळ्या’ कधीच न पटलेले वडील, भिकाजी, गेले.

दहाव्याला पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून राहिले. राजेशने आईला सांभाळायचं वचन दिलं, वहिनीने गावच्या घराला रंग द्यायचं. कावळा हलेना. सगळ्यांच्या नजरा हळूहळू सहदेवकडे वळल्या.

सहदेव मात्र पुतण्याकडे बघत होता. सुबोध दुबईच्या आत्यासाठी काठीला मोबाईल लावून पिंडावर धरून उभा होता. काठी हलली की कावळे मागे सरकत. सहदेवने तसं सांगितलंही.

“बघ, आतासुद्धा याचं लक्ष भलतीकडे,” राजेश म्हणाला.

गावाहून आलेले चुलते दादूकाका पुढे झाले. “बापाशीचो जीव तुझ्यातच अडकलो हा. गोळये सोडतंय म्हणान सांग.”

सहदेवने आईकडे पाहिलं. तिने पदर डोळ्यांना लावून हात जोडले, पिंडाला नव्हे, त्याला.

“सोडतो, बाबा,” तो म्हणाला.

हे ऐकून हायसं वाटलेल्या सुबोधने दुखरा हात खाली घेतला. कावळ्याने झेप घेतली आणि पिंडाला चोच लावली. मंडळी गहिवरली. राजेशने तिथेच भावाच्या खिशातली गोळ्यांची पट्टी काढून कचऱ्यात टाकली.

तेराव्याला केळीची पानं आणायला गेलेला सहदेव पंगत उठल्यावर उगवला. वाटेत कुणाचा तरी पंखा उघडून बसला होता. पाहुणे कागदी ताटल्यांत जेवून गेले होते. राजेशने त्याला चारचौघांत झाडला, आईने तोंड फिरवलं.

दादूकाकांनी तेवढी पाठीवर थाप मारली. “अर्धवट खरो, पण बापाशीक दिलेलो शब्द पाळल्यान.”