साहेबांच्या नळीतली फुलवात

त्या दिवशी सकाळपासून आकाश हळदीच्या दुधासारखं पिवळं झालं होतं. कुवेतमध्ये धूळ उठली की समोरची बिल्डिंग दिसत नाही, आणि दाराखाली ओला टॉवेल कोंबला तरी चहाच्या तळाशी वाळू दिसते. शुक्रवार, सुट्टीचा दिवस. खैतान भागातली आमची चार मजली इमारत दारं-खिडक्या गच्च लावून बसली होती. एवढी धूळ होती म्हणूनच तो घोळ झाला. नाही, खोटं कशाला बोलू? घोळ मी केला. धुळीने फक्त त्याला बाहेर पळू दिलं नाही!

चहा घ्या, निवांत बसा. मला भरभर सांगता येत नाही. शाळा चौथीत सुटली, पुढचं जे काय आलं ते हळूहळूच आलं.

मी मोटारी बांधणारा. म्हणजे जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची आणि नवी भरायची. लढाई संपून कुवेत पुन्हा उभं राहत होतं तेव्हा गेलो. पंप, पंखे, एसी, हजारो मोटारी या हातांनी बांधल्या. तार भरली की वार्निशात बुडवायची आणि भट्टीत भाजायची. त्या वाफेने माझं नाक गेलं. एकदम नाही हो, वर्षावर्षाने. एके दिवशी लसणाची फोडणी दिली, चर्र झालं, आणि वास म्हणून काही आलाच नाही.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. आमच्या धंद्यात मोटार जळली आहे का, ते आधी नाक सांगतं, मग मीटर. बिननाकाचा कारागीर कोण ठेवील?

माझ्या समोरच्या दारात शैला सिस्टर राहायच्या. मूळच्या नाशिकच्या, इस्पितळात नर्स. बाई मोठी भाविक. रोज संध्याकाळी दाराबाहेर उदबत्ती लावायच्या, आणि तीही एक नाही, दोन-दोन. परदेशात येऊन एवढी भक्ती! मी येता-जाता त्या उदबत्त्यांना हात जोडायचो. मग माझ्या खोलीत शिरायचो. खोली काय, एक खाट, एक शेगडी, आणि खिडकीला गावाहून आणलेल्या सुकटीची पिशवी.

तिसऱ्या मजल्यावर पाटणकर साहेब. पुण्याचे, तेल कंपनीत इंजिनियर. त्यांची मुलगी रेवा पुढच्या मंगळवारी कॉलेजसाठी पुण्याला निघाली होती. पोरीने बापाला दम दिला होता, "बाबा, एक जरी सिगरेट ओढलीत ना, तर एअरपोर्टवर सोडायला यायचं नाही. फायनल!"

साहेबांनी महिनाभर सिगरेटला हात लावला नव्हता. सगळा भार एका विजेच्या सिगरेटवर. तेव्हा ती वस्तू अगदी नवीन. पेनासारखी नळी, आत औषधासारखं पाणी, ओढलं की पांढरी वाफ. रेवाने तेवढी सूट दिली होती.

आणि त्या शुक्रवारी दुपारी नळी बंद पडली.

साहेब नळी घेऊन खाली आले. "दत्तूकाका, आतली कॉइल जळली. ही वापरून फेकून द्यायची असते, पण दुसरी इथे कुठेच मिळत नाही. संध्याकाळपर्यंत काही झालं नाही तर मी खालच्या बकाल्यात, त्या किराणा दुकानात जाणार आणि सिगरेटचं पाकीट घेणार. मला माहीत आहे ना मी कसा आहे ते!"

"फेकायची कशाला?" मी म्हणालो. "तार आहे ना? मग बांधता येते."

आता बघा, माणसाने आपलं काम सोडून बढाई मारली की देव वरून खुर्ची पुढे ओढून बसतो.

ती कॉइल केवढी? करंगळीच्या नखाएवढी. चष्म्यावर भिंग लावून मी ती उघडली. आत केसासारखी तार, पाच वेढे, आणि वेढ्यांच्या पोटात एक काळा पडलेला दोरा. तो दोरा पाणी शोषणार, तार तापणार, वाफ होणार. म्हणजे आपला दिवाच की! तार मला मिळाली, जुन्या सोल्डरिंग आयर्नमधली. सुईवर गुंडाळली. एक तास लागला, पण वेढे असे बसले, जसे नवरीच्या हातातले चुडे.

राहिला दोरा. कापूस हवा होता, आणि धुळीत बाहेर कोण जाणार? सिस्टर ड्युटीवर. त्यांची एक किल्ली माझ्याकडेच असायची. फोन लावला.

"सिस्टर, चिमूटभर कापूस हवा होता."

"देवाच्या कपाटात आहे, घ्या की काका. विचारताय काय!"

कपाट उघडलं. कापसाचा पुडा होता. पण शेजारी स्टीलच्या डब्यात छान तयार फुलवाती होत्या, पांढऱ्याशुभ्र, ओळीने उभ्या. तयार माल समोर असताना कारागीर कच्चा माल कशाला वळत बसेल? एक उचलली. जरा कडक लागली. म्हटलं, नाशिकची बाई वळतेसुद्धा कशी घट्ट! बोटाला तेलकट लागलं. पण माझी बोटं तेलकट नव्हती कधी?

वातीचा एक पदर वेढ्यांतून ओवला, झाकण बसवलं. आमचा नियम असा, चालवून बघितल्याशिवाय काम गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही. जन्मात विडी न ओढलेला मी, डोळे मिटून एक झुरका घेतला. भस्सकन ढग! चव? काही नाही. वास? तो कुठून येणार? वाफ दिसली, काम पास.

वर जाऊन नळी साहेबांच्या हातात दिली. त्यांनी आशेने ओढली आणि त्यांचा चेहरा विचित्र झाला.

"काका, वेगळंच लागतंय काहीतरी."

"नवी कॉइल आहे साहेब. नव्या मोटारीलाही पहिल्या दिवशी वास येतो. जोरात चालवा, जाईल."

बिचाऱ्याने चालवली! माझ्यावर विश्वास ठेवून दहा-बारा झुरके मारले. मी बाहेर जिन्यात येऊन, पुढची काही फर्माईश आहे का म्हणून थांबलो.

पाच मिनिटांत वरून एक कुटुंब आलं, डोक्यावर पदर, हात जोडलेले. मला नमस्कार! मीही केला. मग खालून दोघं आले. "काका, झाली का?"

"झाली की! पहिल्याच फटक्यात."

"आणि आम्हाला बोलावलं नाही?"

"अहो, एवढ्याशा कामाला कुणाला बोलवायचं?"

ते जरा नाराज झाले. मला वाटलं, कारागिरीची कदर आहे लोकांना. मान आपोआप ताठ झाली. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचा केरळचा जोसेफ आला, बायकोला घेऊन, हातात वाटी.

"चाचा, प्रसाद मिलेगा?"

कॉइलचा प्रसाद?

जिना भरला. आणि मग माझ्या लक्षात आलं की कुणी बोलत नाहीये. सगळे नुसते उभे, डोळे अर्धे मिटलेले. एक बाई पदराने डोळे पुसत होती. एक ड्रायव्हर, चार वर्षं घरी न गेलेला, भिंतीला टेकून मोठमोठे श्वास घेत होता. असे चेहरे मी कुवेतमध्ये फक्त गावाचं पत्र वाचताना बघितले होते. मला काही कळेना. आज इतक्या वर्षांनी कुवेत आठवतं ते असंच: पिवळा उजेड, कोंदलेला जिना, आणि न बोलता उभी माणसं. माझ्या त्या आठवणीला सगळं आहे, फक्त वास नाही.

रेवाने दार उघडलं. "काका, व्हाय इज एव्हरीबडी हिअर?" मग तिने मागे वळून हुंगलं. "बाबा! आर यू स्मोकिंग... साजूक तूप?"

आतून साहेब खोकत बाहेर आले, नळी दोन बोटांत धरून. "काका, मला असं वाटतंय की मी आख्खं देवघर ओढलं!"

त्याच वेळी खालून शैला सिस्टर आल्या, ड्युटीवरून परत, तोंडाला रुमाल, भुवयांवर धूळ. हातात घरातून उचललेला तो स्टीलचा डबा.

"काका, तुम्ही कापूस घेतलात की फुलवात?"

"फुलवात. तयार होती ना."

"अहो, त्या तुपात भिजवून गोठवलेल्या! आठवड्याच्या एकदम करते मी, ड्युटीमुळे वेळ होत नाही. साऱ्या इमारतीत निरांजनाचा वास सुटलाय. खालच्या मजल्यापासून मला वाटलं कुणाकडे आरतीच चाललीये. आणि तुमच्या हातात होती, तुम्हाला कळलं नाही?"

सगळा जिना माझ्याकडे बघायला लागला. जोसेफची वाटीसुद्धा.

आता लपवून काय करणार? सांगितलं. "सिस्टर, मला वास येत नाही. चार-पाच वर्षं झाली. काम जाईल म्हणून बोललो नाही."

मग साहेब हसायला लागले, हसताना पुन्हा खोकले, आणि खोकताना तोंडातून शेवटचा ढग निघाला. मघाशी डोळे पुसणाऱ्या बाईने सवयीने त्यालाही नमस्कार केला! मग कुणालाच आवरेना. रेवाच्या आईने पटकन शिरा टाकला. एवढी माणसं हात जोडून दारात आल्यावर रिकामी कशी पाठवणार? जोसेफने वाटी भरून घेतली.

साहेबांनी मात्र ती नळी परत ओठाला लावली नाही. म्हणायचे, "जवळ नेली की चपला काढाव्याशा वाटतात." पाकीटही घेतलं नाही. मंगळवारी विमानतळावर रेवाने बापाचा शर्ट हुंगून बघितला आणि गळ्यात पडली. मी तिची बॅग धरून उभा होतो, माझ्यामुळेच हे झालं अशा थाटात.

पण खरं सांगायचं राहिलंच. शुक्रवारी शिरा खाऊन आम्ही आपल्या मजल्यावर उतरलो. दारापाशी मी सिस्टरांना म्हणालो, "बाई, तुमच्या देवाची वात वाया घालवली, रागावू नका. तुम्ही एवढ्या भाविक, रोज दोन-दोन उदबत्त्या लावता..."

सिस्टर थांबल्या. मग किल्लीशी चाळा करत, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "काका, आज तुमच्या नाकाचं कळलंच आहे तर सांगते. त्या उदबत्त्या देवासाठी नसतात हो. तुमच्या सुकटीसाठी असतात."