दादाची पिवळी पूड

देहूरोडच्या फलाटावर दादा कोसळल्याचा निरोप शाळेत आला, तेव्हा मी मुलींची रांग सरळ करत होते. त्याला जाऊन तीन आठवडे झाले, पण घरात बूड टेकत नाही. उठते, त्याच्या खोलीपर्यंत जाते, परत येते...

दादा, माझा थोरला भाऊ, प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ होता. तिथं एक रसायन तापवून त्यानं पिवळसर पूड मिळवली होती. कार्बन आणि नायट्रोजन, बस्स. क्ष-किरणांच्या फोटोत तिची नुसती दोन पुसट वर्तुळं उमटायची. हिला रचनाच नाही, असं प्रयोगशाळेतले साहेब म्हणाले आणि दादा इरेला पेटला. "शेजार ठरलेला आहे शालू, गाव ठरलेलं नाही," तो म्हणायचा. प्रत्येक अणूला शेजारी किती आणि केवढ्या अंतरावर, हे पक्कं. पुढं मात्र तीच नक्षी कुठंच पुन्हा येत नाही.

ते दाखवायला त्यानं लोणावळ्याच्या घरात वर्षभर खपून त्या अणूंचा सांगाडा उभारला. कामाला येणारी हौसामावशी डोंगरातून कारवीच्या काड्या आणायची, मातीच्या गोळ्या वळून द्यायची. काळी गोळी कार्बन, पिवळी नायट्रोजन. "भाऊ, ह्ये घर हाय का घरटं?" तिनं विचारलं, तर स्वारी खूश. "घरटंच!" मग गोळ्यांमधली अंतरं दोरीनं मोजायची आणि फोटोवरून काढलेल्या अंतरांशी ताडून बघायची. ती जुळत आली होती.

मुंबईहून एक जाणकार बघायला यायचे होते. दादा त्यांना आणायला स्टेशनावर गेला आणि मी खोली आवरायला घेतली. पावसाळी हवेनं सांगाडा कलंडलाय, असं मला वाटलं. मास्तरणीचे हात! पुस्तकातल्या चित्रासारखे छान षटकोन करून टाकले... पाहुण्यांनी चष्मा वर केला. "अहो, ही तर तीच नक्षी पुन्हा पुन्हा. पेन्सिलीतलं ग्रॅफाइटच, मधे मधे नायट्रोजन." दादा सांगाड्याकडं बघत राहिला. "ओलीनं हललं असेल," एवढंच म्हणाला. पाहुणे चहा पिऊन गेले. पुन्हा बाहेरच्या कुणी पुडीचं नाव काढलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. भ्याले होते मी.

पुढच्याच रविवारी त्यानं सगळं मोडून नव्यानं मांडलं आणि मला शेजारी बसवलं. नक्षी जमू नये म्हणून मी डोळे मिटून काडी खोचायची, त्यानं अंतर तपासायचं. कबुली दर रविवारी ओठांवर यायची, आणि मी ती पुढच्या रविवारावर ढकलायचे.

परवा न राहवून हौसामावशीला विचारलं, "त्या दिवशी सांगाडा मी हलवला, हे त्याला कळलं होतं का गं?"

ती गोळ्यांवरची धूळ फुंकत होती. "व्हय, त्याच दिशी. मला म्हनले, मावशी, शालूला काय बी बोलू नगंस. न्हाईतर ती पुन्यांदा ह्याला हात लावायची न्हाई."