सव्वीस बोल्ट आणि एक व्याही

मांजरसुंब्याच्या चौकात शहादेव मिस्त्रींचं गॅरेज आणि माझं पंक्चरचं दुकान यांच्यामध्ये फक्त एक पत्रा आहे. त्यातून पलीकडची पान्याची खडखड कमी आणि मिस्त्रींची बडबड जास्त ऐकू येते. रस्त्यानं कुणी 'जय भीम' घालो की 'राम राम', हा माणूस हातातलं टाकून उठणार. पोरांची, म्हशीची, गुडघ्याची चौकशी करणार. हाताला मात्र तोड नाही. म्हणून बारा वर्षं मी हा वैताग सोसतोय.

गेल्या महिन्यात त्या हाताचीच लाज जायची वेळ आली. घाटनांदूरच्या सिंधुबाईंच्या जुन्या ट्रकचं हेड गॅस्केट गेलं. म्हणजे इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामधला पातळ थर फुटला आणि पाणी ऑइलमध्ये उतरून त्याचा दुधाचा चहा झाला. मिस्त्रींनी नवं बसवलं. आठ दिवसांत तेही गेलं. नवरा वारल्यावर बाईंनी स्वतः स्टिअरिंग धरून हा ट्रक चालता ठेवला होता. त्या शांतपणे म्हणाल्या, "मिस्त्री, आता हे शेवटचं. पुन्ना उकळला तर भंगारात देते. दुसरा इलाज न्हाई."

हेड उतरवलं. त्याची सपाटी बरोबर होती. गॅस्केटवर मात्र एका बाजूला दाब खोल उमटलेला, दुसऱ्या बाजूला जेमतेम. मिस्त्री डोकं खाजवत बसले.

"मी सांगू का?" बाई म्हणाल्या. "त्या दिशी मी हितंच बसलेते. बोल्ट आवळताना तुमी पाच येळा उठलात. परत आलात की भलतीकडूनच सुरू."

खरं होतं ते. हेडचे सव्वीस बोल्ट मधून बाहेर, असे तीन फेऱ्यांत आवळायचे असतात. क्रम चुकला की एक बाजू बसते, दुसरी तशीच राहते. आणि त्या पाचांतल्या दोन हाका माझ्या होत्या. मी हळूच पत्र्याआड सरकलो.

या खेपेला बाईंनी गॅरेजच्या तोंडाशी स्टूल टाकलं आणि येईल त्याला स्वतःच उत्तर दिलं. "जय भीम. मिस्त्री बरे हायेत. म्हैस गाभण हाय. गुडघा लई दुखतोय. जावा आता." मी इतका हसलो की हातातली ट्यूब पाण्यात सुटली. मिस्त्री ओठ दाबून पाना फिरवत होते. न बोलण्याचा त्रास त्यांच्या मानेवरसुद्धा दिसत होता.

तिसऱ्या फेरीतले सात बोल्ट राहिले आणि केजहून अर्जुनराव आले. हे मिस्त्रींचे व्याही, म्हणजे लेक अंजनाचे सासरे. "जय भीम, व्याही," ते म्हणाले. व्याही दारात आणि मुलीचा बाप पाठ करून उभा, हे आमच्याकडे चालत नाही. त्याची भरपाई लेकीला सासरी करावी लागते. मिस्त्रींचा हात थांबला. मग मान वर न करता त्यांनी पुढचा बोल्ट घेतला.

"कावून बोलत न्हाईत हे?" अर्जुनरावांचा चेहरा उतरला.

बाईंनी त्यांच्यापुढं स्टूल सरकवलं. "बसा पाव्हणं. सात राह्यलेत. आता उठले तर माझी गाडी गेली."

ते बसले, पण मोटारसायकलची चावी मुठीतच ठेवून.

शेवटचा बोल्ट झाला तसे मिस्त्री काळ्या हातांनीच धावले. "चुकलं माझं, व्याही." अर्जुनराव मुठीतली चावी फिरवत राहिले. दुपारपर्यंत बाकीचं जोडून झालं आणि बाईंनी आम्हा तिघांना केबिनमध्ये कोंबलं. घाटाखाली जाऊन, इंजिनावर ताण यावा म्हणून खडी भरली आणि ट्रक घाटाला लावला. इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा अर्ध्यावर आला आणि तिथंच राहिला. वर आल्यावर बाईंनी ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइल स्वच्छ होतं.

"राह्यली माझी गाडी," म्हणत त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

तेव्हा कुठं अर्जुनरावांनी तोंड उघडलं. "तुमची अंजना शिलाई मशीनवर बसली की माझ्या हाकेला ओ देत न्हाई. घमेंड हाय म्हणून मी तिला चार मान्सांत बोललो. तेच गाऱ्हाणं घेऊन आलतो तुमच्याकडं." मग म्हणाले, "आता घरी जातो आन् आधी तिची माफी मागतो."

मिस्त्री रडले. मीही रडलो, खोटं कशाला बोलू.