तीन साधे, एक कंपनीचा

त्या दुपारी मी बोललेले एक वाक्य आजही माझ्या कानातून गेलेले नाही. पोलीस अधिकाऱ्यांच्या आठवणींत बहुधा चूक दुसऱ्याची असते आणि ती शोधून काढणारा स्वतः लेखक असतो. इथे तसे नाही. चूक माझी होती. ती सापडण्याआधी एका माणसाला त्याच्याच बहिणीच्या मृत्यूचा गुन्हेगार ठरवून मी मोकळा झालो होतो.

नव्वदचे दशक नुकतेच सुरू झाले होते. अंबरनाथच्या बाजूला एका पोलीस ठाण्यात मी फौजदार होतो. एप्रिलमधली दुपार. चारच्या सुमारास फोन आला की बदलापूरहून येणारी एक टुरिस्ट मोटार मोरीच्या कठड्यावर आदळली आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा पुढच्या सीटवरची बाई गेलेली होती. मोटार चालवणारा पंचेचाळिशीचा माणूस रस्त्यावर वाकून तिची एक चप्पल शोधत होता. ती त्याची थोरली बहीण. तो अंबरनाथच्याच बुवापाड्यात राहायचा. कारखाना बंद पडल्यावर त्याने ही जुनी गाडी घेतली होती आणि भाडी मारून घर चालवत होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीचा साखरपुडा होता, म्हणून तो बहिणीला बदलापूरजवळच्या शिरगावहून, तिच्या सासरहून, घरी आणत होता.

पुढचा डावा टायर फुटला होता. उरलेले तीन मी बुटाने ठोकून पाहिले. तिन्ही स्वस्तातले, कधी न ऐकलेल्या नावाचे. मला तेवढे पुरले. तीन पाहिले आणि चौथा उचलून पाहण्याची गरज वाटली नाही. पंचनाम्यात मी लिहिले, "हलक्या प्रतीचे टायर वापरल्याने टायर फुटून". पंचांनी सह्या केल्या. पंच सह्या करतातच.

ठाण्यात आणल्यावर तो एकच गोष्ट सांगत राहिला.

"साहेब, फुटला तो हलका नव्हता. कंपनीचा होता. आक्काला आणायचं, गाडीत पोरीच्या सासरची माणसं बसणार, म्हणून आठवड्यापूर्वी उल्हासनगरातून घेतला. चार घ्यायची ऐपत नाही, म्हटलं पुढे एक तरी चांगला टाकू."

"पावती?"

"नाही दिली. बोलला, ओळखीत कसली पावती."

"आणि ते तीन?"

"त्यांची आहे ना पावती. तो हलक्या मालवाला सरळ बोलला होता, पन्नासच्या वर पळवू नको, हवा बघत जा. कंपनीवाला बोलला, डोळे मिटून चालव."

"म्हणून तू डोळे मिटूनच चालवलीस," मी म्हणालो. बाजूचे दोन हवालदार हसले.

तेवढ्यात त्या बाईचे यजमान आले. कारखान्यातून थेट, अंगावर खाकी शर्ट, हातात जेवणाचा डबा. दारातच थांबून त्यांनी विचारले, "साहेब, काय झालं?"

मी ड्रायव्हरकडे बोट केले. "विचारा तुमच्या मेहुण्याला. टायरमध्ये पैसे वाचवले, बहीण घालवली."

हेच ते वाक्य. त्यांनी मेहुण्याकडे एकदा पाहिले. "दाजी..." एवढेच तो म्हणाला. दाजी वळले आणि शिपायाबरोबर हॉस्पिटलकडे निघून गेले. मी आरोपीवर कधी हात उचलत नाही, असे तेव्हा मी अभिमानाने सांगत असे.

निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल झाला. दर सोमवारी ठाण्यात हजेरी लावायची, या अटीवर त्याला जामीन मिळाला. मोटार वाहन निरीक्षकाने गाडी तपासून ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक, टायर फुटलेला, असा अहवाल दिला. टायर का फुटला हे शोधणे तपास अधिकाऱ्याचे काम होते. म्हणजे माझे.

खबर मिळाली ती खबऱ्याकडून नव्हे. दोन आठवड्यांनी आमच्या जीपचे पंक्चर निघाले. अंबरनाथ पूर्वेला एक म्हातारा पंक्चरवाला होता. अपघाताच्या गाडीची चाके तपासणीसाठी त्यानेच आमच्या आवारात येऊन काढली होती. ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता तो म्हणाला, "साहेब, एक बोलू? मारणार नाय ना?"

"बोल."

"तुमच्या आवारातला फुटका टायर नवीन नाय. वरनं नवरदेव, आतनं आजोबा. घासून संपलेल्या टायरवर नवीन रबर चढवलंय. बाजूला कंपनीचं नाव हाय ते खरं हाय, पण टायर कधीच मेलेला."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तुमी विचारलं कुठं? तुमी लिवत होता."

मी त्याला जीपमध्ये घालून ठाण्यात आणले. त्याने टायर उन्हात आडवा केला आणि पहारीने त्याचे पोट उघडून धरले. आत हाताच्या तळव्याएवढे एक ठिगळ अर्धे सुटून लोंबत होते. त्याखाली टायरला आतून जुनी चीर होती.

"हे बघा. चीर पडलेली, वरनं ठिगळ मारलंय. पण मारणाऱ्याने घासलं नाय. रंगावर सोल्युशन धरत नाय, साहेब. गाडी तापली, ठिगळ सुटलं, ट्यूब चिरेत घुसली. खलास." मग त्याने बोटाने रंग खरवडला. "आता टायरला आतनं रंग कोण मारतो?"

मला माहीत होते. ठिगळाखाली पिवळ्या ऑइलपेंटने आकडे लिहिलेले होते. साताला मधोमध आडवी रेघ होती. तशी रेघ आमच्या ठाण्यात एकच माणूस मारायचा, मुद्देमाल सांभाळणारा हवालदार. जप्त केलेल्या प्रत्येक वस्तूवर तो गुन्ह्याचा नंबर रंगवायचा. टायरवर बाहेरून रंगवलेला नंबर पावसात जातो, म्हणून टायरला तो आतून रंगवायचा. हुशार माणूस होता.

मुद्देमाल रजिस्टर काढले. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका चोरट्याकडून तेवीस टायर जप्त केले होते. त्यांना मालक मिळाला नाही. सगळे घासून दोरे दिसायला लागलेले. माल निरुपयोगी आहे, नष्ट करावा, असा कोर्टाचा हुकूम होता. हुकमाखाली पूर्तता लिहिलेली होती: "सर्व टायर समक्ष कापून नष्ट केले." खाली सही माझी.

एकही टायर माझ्यासमोर कापला गेला नव्हता. गणपतीचा बंदोबस्त होता. हवालदार म्हणाला होता, "साहेब, तेवीस टायर कापत बसलो तर विसर्जन इथेच करायला लागेल. भंगारवाला नेऊन कापतो. तुम्ही सही मारा." मी सही मारली. सगळीकडे असेच चालते, असे मला वाटले. चालतच होते, आणि याचाच मला आज सर्वांत जास्त संताप येतो.

संतापातच मी उल्हासनगरातले ते दुकान गाठले. टायर काळ्या पॉलिशने चमकवून ओळीत लावलेले. मालक चाळिशीचा, गोड बोलणारा.

"या साहेब. थंड घेणार?"

"तू जुना टायर नवीन म्हणून विकलास. बाई मेली त्यात."

"नवीन मी कुठे बोललो? कंपनीचा बोललो. नाव वाचा ना, कंपनीचाच आहे. गिऱ्हाईकाला नाव पाहिजे असतं, साहेब. नाव दिलं."

"कुठून आणलास?"

 त्याला हसू आवरेना.

"मलाच विचारता? तुमच्याच गेटमधून निघाला. भंगारवाल्याने तेवीसच्या तेवीस इथे आणून टाकले. करा ना केस, मी कुठे पळतोय? कोर्टात टायर दाखवाल तेव्हा आतला नंबरपण वाचून दाखवा. कागदावर तर हे टायर हयातच नाहीत. तुम्हीच कापलेत."

त्याच्यावर गुन्हा दाखल करायचा तर मला आधी स्वतःविरुद्ध लिहावे लागणार होते. मी वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकले, दार लावून घेतले आणि म्हणाले, "ड्रायव्हरचं चार्जशीट तयार आहे ना? पाठवून दे. त्याची बहीण काही परत येणार नाही. तुझी नोकरी मात्र जाईल."

पुढचे अकरा दिवस मी काहीही केले नाही. हे मी कुणालाही सांगितलेले नाही, म्हणून इथे लिहितो. चार्जशीट माझ्या ड्रॉवरमध्ये होते. घरी बायको विचारायची, जेवण का जात नाही. मी उकाड्याचे कारण द्यायचो.

सोमवारी ड्रायव्हर हजेरीला आला. सही केली आणि माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"साहेब, एक विचारायचं होतं. दाजी बोलत नाहीत. आक्काच्या तेराव्याला मला दारातूनच परत पाठवलं. पोरीचा साखरपुडापण राहिला. मी रोज डोक्यात तीच गाडी चालवतो, स्पीड चाळीसच येतो. पण तुम्ही कायद्यातली माणसं, तुम्हाला जास्त कळतं. खरंच माझ्यामुळेच गेली का ती? तसं असेल तर मी कोर्टात कबूल होतो. वकील नको, काही नको."

तो खरोखरच गुन्हा कबूल करायला निघाला होता, आणि तेही माझ्या शब्दावर विश्वास ठेवून. त्याच्याकडे पाहण्याचीही माझी हिंमत झाली नाही. "आता घरी जा," एवढेच मी म्हणालो. तो गेल्यावर सगळा अहवाल लिहून काढला. टायर, नंबर, रजिस्टर, न पाहता केलेली सही, सगळे. वरिष्ठांच्या टेबलावर ठेवला आणि त्यांची पोच घेतली, म्हणजे तो कागद हरवणार नाही.

ड्रायव्हर आरोपातून सुटला. दुकानदार आणि भंगारवाल्यावर गुन्हा नोंदला गेला. माझी खातेनिहाय चौकशी झाली, वेतनवाढी थांबल्या, बदली झाली. हे योग्यच झाले. जे झाले नाही ते सांगतो. दुकानाच्या झडतीत तेवीसपैकी चौदा टायर मिळाले, एक आमच्या आवारात होता. उरलेले आठ मिळाले नाहीत. ते कुणाच्या गाडीला लागले, त्या गाडीत कोण बसले, मला माहीत नाही. दुकानदार जामिनावर सुटला आणि त्याच रस्त्यावर दोन गाळे पुढे पुन्हा दुकान थाटून बसला. मेलेल्या टायरना पॉलिश मारणारा तो हात मला अजून दिसतो.

आज मी निवृत्त आहे. सोसायटीतली मंडळी नवी गाडी घेतली की विचारतात, "साहेब, टायर हलके टाकले तर चालतील का, की महागाचेच पाहिजेत?" मला आधी राग येतो, मग मी उत्तर देतो. महागाचा टायर ओल्या रस्त्यावर लवकर थांबतो, जास्त टिकतो, हे खरे आहे. ऐपत असेल तर जरूर घ्या. पण त्या मोटारीचे तिन्ही हलके टायर धड होते. विकणाऱ्याने त्यांची मर्यादा सांगितली होती आणि चालवणाऱ्याने ती पाळली होती. फुटला तो नावाचा. तेव्हा टायरवर छापलेला, तो बनवल्याचा आठवडा आणि साल वाचा, आतून हात फिरवा, पक्की पावती घ्या. आणि विकणारा "डोळे मिटून चालवा" म्हणाला, तर त्या दुकानातून बाहेर पडा. गरीब माणसाच्या गाडीत हलकी वस्तू दिसली की दोष त्याचाच, असे आपण किती पटकन ठरवतो! मी तर ते सरकारी कागदावर ठरवले.

त्या अपघातानंतर सात वर्षांनी, नोकरीत असतानाच, माझी पुन्हा त्या भागात बदली झाली आणि मी बुवापाड्यात त्याचे घर शोधले. इतकी वर्षे मी तिकडे फिरकलो नव्हतो. कागदाने त्याला सोडवले होते, त्यामुळे माझे काम झाले असे मी स्वतःला सांगत आलो होतो. तो एका कंपनीच्या गेटवर वॉचमन झाला होता. अपघातानंतर त्याने कधी गाडी चालवली नव्हती.

"कागद मिळाला होता, साहेब," तो म्हणाला. "दाजींना दाखवायला गेलो. त्यांनी दार नाही उघडलं. भाच्याचं लग्न झालं, ते मला गेटवर दुसऱ्याकडून कळलं."

सुटकेचा कागद आरोपीला जातो. ज्या माणसाने माझे वाक्य ऐकले होते, त्याच्यापर्यंत काहीच पोहोचले नव्हते. मी हात जोडून म्हणालो, "मला माफ करा."

"माझ्याकडे कशाला मागता? ज्यांच्यासमोर बोललात, त्यांच्यासमोर बोला."

आम्ही दोघे शिरगावला, दाजींच्या घरी निघालो. रिक्षात बसण्याआधी त्याने वाकून तिन्ही चाके अंगठ्याने दाबून पाहिली. रिक्षावाला म्हणाला, "काका, रिक्षा आहे, विमान नाय." तो हसला नाही.

दार दाजींनीच उघडले. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला लगेच ओळखले. मग माझ्यामागे जिन्यात उभा असलेला मेहुणा त्यांना दिसला आणि त्यांचा हात कडीकडे गेला. मी उंबऱ्याबाहेरूनच बोललो.

"दार लावण्याआधी एवढं ऐका. ठाण्यात मी तुम्हाला सांगितलं होतं, यांनी पैसे वाचवले आणि बहीण घालवली. ते खोटं होतं. ऐपत नसताना, बहीण बसणार म्हणून यांनी चांगला समजून एक टायर घेतला. तो टायर त्याआधीच कापून टाकायचा होता. ते काम माझं होतं. मी न पाहता, कापला म्हणून सही केली, आणि दोष यांच्यावर टाकला. तुमची बायको यांच्यामुळे नाही गेली, माझ्या सहीमुळे गेली. तुम्हा दोघांची मी माफी मागतो."