झोप विकणारे मामा

आमचे मामा गाद्या शिवतात, पण स्वतः आडवं व्हायचं म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. "झोप हा आपला विकायचा माल. तो घरीच वापरला तर खायचं काय?" असं म्हणून ते रात्ररात्र कापडं बेतत बसायचे. डॉक्टरांनी बजावलं होतं, "वाढलेलं ब्लडप्रेशर, विसरणं, चिडचिड, सगळ्याचं मूळ अपुऱ्या झोपेत आहे." मामा त्यांनाच एक गादी विकून परत आले. आता काय बोलणार!

मोठी गादी एकट्याने टाचता येत नाही. ती उभी धरायची, अलीकडून मामांनी लांब सुई टोचायची, पलीकडून मामीने ओढून परत पाठवायची. दोघांचा संसारच असा गादीच्या दोन बाजूंनी चाललेला.

एक दिवस कात्री सापडेना. मामांनी गिऱ्हाइकांदेखत मामीवर तोंडसुख घेतलं. "तुला एक वस्तू जागेवर ठेवता येत नाही!"

"आता पलीकडे दुसरं कुणीतरी बघा," म्हणून मामी उठली ती घरी गेली. मोठ्या गाद्यांचं काम ठप्प झालं. मामांचा तोरा मात्र तसाच.

आठवड्याने एक निवृत्त मुख्याध्यापिका हातगाडीवर गादी घालून आल्या. "कमरेला काहीतरी टोचतंय हो!" मामांनी शिवण उसवली, तर त्यांनीच भरलेल्या कापसातून हरवलेली कात्री निघाली. मी दुकानातच बसलेलो, मला हसू आवरेना. मामा मात्र तडक घरी गेले.

"चुकलो गं. चल ना दुकानात."

"आधी झोपा. मग बघू," मामी म्हणाली.

मामा भरदुपारी आडवे झाले ते दुसऱ्या दिवशी उजाडल्यावरच उठले. घोरणं ऐकून शेजारीण विचारायला आली, "काय दळताय?" त्यानंतर दिवेलागण झाली की मामी दुकानाची किल्ली काढून घेऊ लागली. महिन्याभरात ब्लडप्रेशर उतरलं, मामा गिऱ्हाइकांशी हसून बोलू लागले. मामी अजून घरीच होती. मला वाटलं, संपलं आता.

मग एका सकाळी मामांनी तिच्यासमोर चहा ठेवला. "तुझा गुडघा दुखत होता ना? आता कसा आहे?"

मामीने कप उचलला.

"तो कधीचाच बरा झाला. पण विचारलंत हो! आज किती दिवसांनी खरे घरी आलात," म्हणाली, आणि पायात चपला सरकवून दुकानाकडे निघाली.