आधी कारखान्यात, मग पेपरात

नणंदेची मुलगी कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आली तेव्हा घरात तिला सगळे भोंगा म्हणत. तोंडात तीळ म्हणून भिजायचा नाही. त्यात तिने विषय घेतला कॉर्पोरेट कम्युनिकेशन. "माशाला पोहण्याची शिकवणी," तिचे मामा, म्हणजे आमचे हे, म्हणाले.

मला मात्र भारी कुतूहल. भाजी निवडताना मी तिला खोदून खोदून विचारायची. कंपनीने कामगारांशी, गिऱ्हाइकांशी, पत्रकारांशी काय बोलायचं, कधी आणि कुणाच्या तोंडून, हा म्हणे अख्खा अभ्यास. वर्गात खोटी पत्रकार परिषद भरायची. तिची तालीम आमच्या स्वयंपाकघरात. ती कंपनीची मालकीण आणि मी हातात डाव घेतलेली खवट पत्रकार. हे शिकून पुढे काय, तेही मी विचारलं. तिच्या पुढच्या वर्गातली एक इस्पितळात लागली होती, रुग्णांच्या नातेवाइकांना समजेल असं सांगायला. एक जण पुढाऱ्याची भाषणं लिहायचा. "त्याला पुण्य नाही लागायचं," मी म्हटलं.

एक धडा तिने मनावर घेतला होता: बातमी ज्याच्या पोटावर येते, त्याला ती आधी कळली पाहिजे.

शिक्षण संपलं आणि तिला नोकरी लागली ती मामांच्याच पंपांच्या कारखान्यात. मामा पॅकिंगला, ही वरच्या मजल्यावर. सकाळी दोघं एकाच बसने जायची.

मग एकदा भोंगा अचानक गप्प झाला. मी कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. खरं कारण मागाहून कळलं. पॅकिंग विभाग दुसऱ्या गावी हलणार होता आणि त्याचं निवेदन लिहायचं काम हिच्याकडे आलं होतं. जाहीर होईपर्यंत घरीदारी चकार शब्द काढायचा नव्हता. नेमकं तेव्हाच मामांनी स्वयंपाकघरातल्या कपाटांसाठी सुतार बोलावला. मापं घेऊन त्याने विचारलं, लाकूड आणू का? दारात उभ्या भोंग्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडला.

"आण," मामा म्हणाले.

बातमी जाहीर झाली त्या संध्याकाळी मामा एकटेच आधी आले. ती आल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"सुतार आला तेव्हाही?"

तिने होकारार्थी मान हलवली.  मामा मला सांगू लागले, पण तिला ऐकू जाईल असं. मागे कारखान्यातली ओतशाळा, म्हणजे लोखंड ओतायचा विभाग, बंद झाली ती कामगारांना चहाच्या टपरीवर पेपरात कळली होती. आज साहेब स्वतः खाली आले, उभं राहून बोलले, शेवटच्या माणसाच्या प्रश्नापर्यंत थांबले. पेपरवाल्यांना नंतर सांगितलं. साहेबांना कामगार आणि पेपरवाले दोन्ही एकदमच उरकायचे होते, ही मात्र कामगार आधी म्हणून हटून बसली, असं कुणीतरी मामांच्या कानावर घातलं होतं.

"मला आधी सांगितलं असतंस," ते तिच्याकडे वळून म्हणाले, "तर आज चौघांत उभं राहून मी तोंड कुठे लपवलं असतं?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मामा, पण ते लाकूड…"

"हं. सुताराला काय सांगायचं ते तूच बघ. शिकलीस ना?"

तिने फोन हातात घेतला. नंबर शोधला. मग फोन टेबलावर ठेवला आणि चपला घालून सुताराकडे चालत निघाली.