शेजाऱ्याच्या कलमाला बांधलेली वायर

पंचाहत्तरीनिमित्त मुलीने मला पावसच्या सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, कॅम्पात दोन दिवस नेलं. म्हणायला तंबू, पण आत सागवानी पलंग, एसी, तांब्याचं बेसिन. सोलकढीसुद्धा उंच काचेच्या ग्लासात, वर पुदिन्याचं पान. मुलगी खूश होती. मी मात्र बसायचो, उठायचो, तंबूची चेन उघडून बाहेर बघायचो, पुन्हा लावायचो. कुंपणापलीकडे खाली माझी बाग दिसत होती आणि तिला लागून शेजाऱ्याची.

"बाबा, आपण आराम करायला आलोय, पहारा द्यायला नाही," मुलगी म्हणाली.

संध्याकाळी उघड्या जीपमधून फिरवून आणलं, बिबट्याच्या पायांचे ठसे दाखवले. मग चहाला बसल्यावर कॅम्पातली गाइड, पुण्याहून शिकून आलेली मुलगी, आम्हा सात-आठ पाहुण्यांना शेजाऱ्याच्या बागेकडे बोट दाखवून सांगू लागली, "त्या खालच्या बागेच्या मालकाने तीस वर्षांपूर्वी फासकी लावून बिबट्याची मादी मारली. गाभण होती."

"काय तरी माणसं!" एक बाई म्हणाल्या.

ती फासकी मी लावली होती.

रानडुकरं माझं सुरण उकरत होती. दोन बागांमधल्या गडग्याचे चिरे एके ठिकाणी ढासळले होते, तिथून ती येत. मी स्कूटरच्या क्लचच्या वायरचा फास केला. बांधायला भक्कम खोड माझ्या बाजूला नव्हतं, म्हणून गडग्यापलीकडच्या शेजाऱ्याच्या हापूसच्या कलमाला बांधला. त्याला विचारलं नाही. तिसऱ्या सकाळी त्यात वाघीण मेलेली; आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. फॉरेस्टवाले आले. वायर ज्याच्या झाडाला, फासकी त्याची, असं त्यांनी धरलं. पंचनाम्याला पंच हवे होते आणि मी समोरच उभा होतो. वाचून सही केली, हेही लिहून ठेवतो.

तो अटकेत राहिला, वर्षानुवर्षं तारखांना गेला, शेवटी पुराव्याअभावी सुटला. पण गावात तो 'वाघमाऱ्या' झाला तो झालाच. सुटला ना एकदाचा, असं म्हणत मी दिवस काढले.

"ती फासकी माझी होती," मी कप खाली ठेवून म्हणालो आणि सगळं सांगितलं.

मुलीने माझा दंड धरला. "बाबा, आता कशाला? एवढ्या लोकांत?"

"तो काय एकांतात बदनाम झाला?"

गाइड गोंधळली. "मग आजोबा, उद्यापासून मी काय सांगू?"

"माझं नाव घेऊन सांगा."

सकाळी नाश्त्याला न थांबता मी पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून गेलो. शेजारी पडवीत सुपाऱ्या कातरत होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं. त्याने अडकित्ता बाजूला ठेवला आणि भिंतीवरच्या बायकोच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं.

"हिला सांगायला हवं होतंस रे," तो म्हणाला. "जाईपर्यंत विचारायची, आता तरी खरं सांगा, तुम्हीच ना लावलेली? मी नाही म्हटलं की गप्प बसायची. विश्वास नव्हताच तिचा."

क्षमा मागायचं ठरवून आलो होतो, मी हात जोडले.

त्याने मुंबईच्या मुलाला फोन लावला आणि तो माझ्या हातात दिला.

"ह्याला सांग. हा पण आईसारखाच आहे."